बिरोबाचा चढ

काळी जाणार ही बातमी तरसवाडीत पहिल्यांदा आणली तात्याबाने, आणि तात्याबाने आणलेली बातमी खरी धरायची नाही असा गावाचा रिवाज असल्यामुळे कुणी ती मनावर घेतली नाही. मग मोजमाप घ्यायला माणसंच आली. जुन्या स्टेशनामागे वेड्या बाभळीत अडकून पडलेल्या इंजिनाला त्यांनी टेप लावली, रस्ता पाहिला, वाटेत लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाहिल्या आणि सोमवारी ट्रेलर येईल म्हणून सांगून गेली. साताऱ्याकडे कुठेशी नवी बाग काढलीय, तिथे चौथऱ्यावर उभी करणार म्हणे.

काळी म्हणजे बारकी गाडी ओढणारं वाफेचं इंजिन. मिरजेहून पूर्वेला माळामाळाने जाणारी ती अरुंद रुळांची गाडी बंद पडून, रूळ उखडून, शेजारून रुंद लाइन होऊनही आता बरीच वर्षं झाली. काळीची भट्टी तर त्याच्याही आधी विझलेली. जुन्या यार्डात रुळाचा एक तुकडा आणि त्यावर ही, एवढंच मागे राहिलं, आणि कुणी न्यायलाही आलं नाही. दुपारी शेरडं तिच्या सावलीला बसायची. खंडेनवमीला हरिबा तिला दोन घागरी पाण्याने धुवायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा. गाव हसायचं. ह्याच गावाने पिढ्यान् पिढ्या फुकट प्रवास करून वर तिचा कोळसा चोरलेला असल्यामुळे हरिबा त्या हसण्याला फारशी किंमत देत नसे.

हरिबा तिच्यावरचा फायरमन. धनगराचा पोर. बापाच्या मेंढरांमागे हिंडता हिंडता स्टेशनात कोळसा भरायला लागला आणि तिथून इंजिनावर चढला. आता ऐंशीला टेकला होता. सारखं फावडं मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला, मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या ठिणग्यांचे पांढरे डाग, आणि गुडघे असे, की परसाकडे जाऊन उठायचं म्हणजे बाभळीचा आधार लागायचा.

स्टेशन सोडलं की लगेच बिरोबाचा चढ लागायचा. चढाच्या मध्यावर, रुळापासून हाकेच्या अंतरावर हरिबाची वस्ती. नवरा घरावरून जातोय म्हटल्यावर बाईमाणसाला बरं, पोरांना बरं. पण गंमत अशी, की सगळ्या वाटेवर मान वर करायला सवड नाही अशी जी एक जागा होती, ती हीच. इथे भट्टीला सलग कोळसा द्यावा लागे. एक फावडं चुकलं की वाफेच्या दाबाचा काटा खाली, काटा खाली आला की गाडी चढावर बसली. मग ती मागे स्टेशनात आणा, पुन्हा वाफ धरा, आणि वर साहेबाच्या शिव्या खा. त्यामुळे अख्ख्या नोकरीत इंजिनावरून हरिबाने आपलं घर एकदाही पाहिलं नव्हतं.

बघायचा तो मानसिंग डायव्हर. कराडकडचा, उसाच्या मळ्यातला गडी. दोन भाऊ पलटणीत, त्यामुळे याच्याही मिशा पलटणीतल्या. शिट्टीच्या साखळीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. पण चढावर वस्ती दिसली की तो स्वतःच ती ओढायचा, लांबलचक, आणि भट्टीच्या गोंगाटात ओरडून सांगायचा, "मान खाली ठेव गड्या, कोळसा बग! घरची उबी हायत. तुज्या वाटचं मी बगतो!"

आणि खरंच बघायचा. "वैनीनं आज अंजिरी लुगडं नेसलंय. झ्याक दिसतंय." "पोरगं कडेवर हाय रं." "पोरगं आता आपल्या पायावर उबं हाय, हात हलवतंय." हरिबा घामाने आंधळा झालेला, दात विचकून हसायचा आणि फावडं मारायचा. पोरगा मोठा झाला तो त्याने असा ऐकूनच पाहिला. बाकी ड्यूटीचे वार असे वाकडेतिकडे, की घरी यायचा तेव्हा पोरगा झोपलेला आणि जायचा तेव्हाही झोपलेला.

मानसिंग जाऊन आता बरीच वर्षं झाली. काळी जाणार म्हटल्यावर हरिबाच्या मनाने एकच गोष्ट धरली. ट्रेलर जाणार तो जुन्या लाइनच्या कडेने, म्हणजे बिरोबाच्या चढानेच. वस्तीपाशी रस्त्यावर तारा लोंबलेल्या. त्या उचलून धरीपर्यंत ट्रेलर तिथे थांबणार. तेवढ्यात काळीवर उभं राहून आपल्या हाताने शिट्टी ओढायची आणि मान वर करून घराकडे बघायचं. एकदा. बस.

शिट्टी कुठे गेली नव्हती. बेवारस इंजिनाचं पितळ चोर काढून न्यायला लागले तेव्हा हरिबानेच ती सोडवून घरी आणली होती, आणि रंगुबाईने बडबड करत जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवली होती. रविवारी दुपारी त्याने विषय काढला तशी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माज्या सवतीचा गळा माज्याच कणगीत," ती म्हणाली. "आन् आता त्यो काढून द्यायचा बी मीच. मंगल, ये गं, हात लाव."

सून मंगल डाळिंबाच्या झाडांचे फुटवे काढून नुकतीच आत आली होती. हातावर काट्यांचे ओरखडे. दोघींनी कोपरापर्यंत हात घालून जोंधळ्यातनं शिट्टी बाहेर ओढली. हरिबाने ती मांडीवर घेऊन चिंच आणि राखेने घासायला घेतली. पितळ उजळत गेलं तसा तोही उजळत गेला, आणि सहज बोलून गेला, "उद्या त्ये अंजिरी लुगडं नेस. हाय का अजून? मानसिंग लय तारीफ करायचा त्येची."

"कुठलं अंजिरी?"

"अगं, चढावर उबी ऱ्हायाचीस तवाचं."

रंगुबाई जोंधळे सुपात भरत होती, ती थांबली. "अंजिरी लुगडं मी जन्मात नेसलं न्हाई. आन् चढावर कोन उबं ऱ्हात हुतं? शेरडं कुनी राखायची, पानी कुनी आनायचं? म्हयन्यातनं एकांद्या बारीला उबी ऱ्हायली आसंन, ती बी तुमचा डबा ऱ्हायला म्हनून."

"मानसिंग तर रोज सांगायचा."

"सांगत आसंल. चांगला मानूस हुता बिचारा."

मंगलला हसू आलं, पण सासऱ्याचं तोंड बघून तिने ते पदरात दाबलं. हरिबा घासतच राहिला. घासून झालेली जागाही पुन्हा घासायला लागला. इतकी वर्षं मान खाली घालून कोळसा मारताना पाठीमागे कुणीतरी उभं आहे, ह्या एका गोष्टीवर तो चढ त्याने चढला होता, आणि आता कळत होतं की तिथे माळ होता, ऊन होतं आणि फार तर एखादी शेळी. मानसिंगचा राग यावा तर तोही येईना. रात्री तो नीट जेवला नाही.

सकाळी उठला तरी शिट्टीचा हट्ट काही गेला नव्हता. उलट तो जास्तच घट्ट झाला होता. वाफ नव्हती, पण हवेवर शिट्टी वाजते हे त्याने शेडात पाहिलं होतं, आणि हवा घरचीच होती. मुलगा सयाजीचा कंप्रेसरचा ट्रॅक्टर होता. उन्हाळा लागला की विहिरी खोल करायला, खडकात सुरुंगाची भोकं पाडायला गावोगाव त्याला बोलावणी यायची. यंदा पाणी लवकर तळाला गेलेलं, त्यामुळे सयाजीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सध्या तो तात्याबाच्या विहिरीवर होता.

हरिबा काठी टेकत तिथे पोचला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कंप्रेसर धडधडत होता, विहिरीतनं पांढरा धुरळा वर येत होता. सयाजी खालून वर आला. भुवयांवर, मिशांवर दगडाचं पीठ. वय पन्नाशीचं, पण त्या पिठाने बापापेक्षा म्हातारा दिसत होता. काठावर चार गडी बिड्या ओढत बसले होते.

"काय आबा? हितं उन्हात कशाला?"

"ट्रॅक्टर पायजे हुता. ट्रेलर आला आसंल आता. वस्तीपतोर यायचं, शिट्टीला हवा द्यायची, की झालं."

"आन् ही हीर?"

"घटकाभर थांबंल की रं."

गड्यांतला एक जण हसला. सयाजीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, अर्धा डोक्यावर ओतला. "आबा, आज भोकं पडली न्हाईत तर उद्या सुरुंग न्हाई. तात्याबाची जनावरं तहानलेली हायत, आन् तुमाला शिट्टी पायजे. ल्हान पोर हाय का तुमी?"

"माजं येवढंच मागनं हाय, सया."

"मागनं!" सयाजीचा आवाज एकदम चढला. गड्यांनी बिड्या खाली धरल्या. "आमी कवा मागितलं न्हाई व्हय? आई शेरडांमागं आसायची. चढावर उबा ऱ्हायाचा त्यो मी. रोज. शिट्टी झाली की हातातली भाकरी टाकून पळायचो. काय दिसायचं? पाठ. काळी, घामानं निथळलेली पाठ. हात हलवायचा त्यो डायव्हर. पोरं इचारायची, मिशावाला तुजा बा हाय का रं? मी व्हय म्हनायचो. लाज वाटायची, पाठीला बा म्हनायची."

हरिबाने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. आपल्याला राग आलाय की रडू, हे त्याला कळेना. खरं सांगायचं तर दोन्ही नव्हतं. रोज कुणीतरी उभं होतं. मानसिंगने लुगडं पदरचं घातलं असेल, पण पोरगं खरं होतं.

"मला वर बगता येत न्हवतं रं," तो म्हणाला. "काटा पडायचा."

"आता ठावं हाय. तवा न्हवतं." सयाजी तोंड पुसायला वळला आणि पुसतच राहिला.

एवढा वेळ तात्याबा कवठाखाली बसून सगळं ऐकत होता. तो धोतर झटकत उठला. "सया, माजी हीर कुठं पळून चालली हाय का? जनावरास्नी मी टँकर सांगतो. त्या काळीवर मी मिरजंपतोर कवा तिकीट काडलं न्हाई. तिला येवढं तरी देनं लागतो मी. जा, घिऊन जा ट्रॅक्टर. आन् थांब, मी बी येतो."

सयाजीने नळी गुंडाळायला घेतली. गुंडाळताना पुटपुटला, "एकदाच. आन् लगीच माघारी."

यार्डात गाव लोटलं होतं. दोन क्रेनांनी काळीला उचलून ट्रेलरवर ठेवलं होतं. बाभळीतनं बाहेर निघाल्यावर ती किती लहान आहे हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. चाकांखाली लाकडी ठोकळे, अंगावर साखळ्या. हे सगळं बघणारा विश्वजीत नावाचा तरणा सुपरवायझर कपाळाचा घाम पुसत इकडून तिकडे पळत होता. हरिबाने त्याच्यापुढे शिट्टी धरली.

"ही हिची हाय. घिऊन जा. पन आदी मला वस्तीपतोर वर बसू द्या, आन् एकदा वाजवू द्या."

विश्वजीतने शिट्टी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं. "आजोबा, चालत्या गाडीत माणूस वर नसतो बसवायचा. पडलात बिडलात तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"पावलापावलानं हळू न्या की," तात्याबाने मधेच तोंड घातलं. "त्यो ह्या इंजिनावनं कवा पडला न्हाई, तर आता निजल्या इंजिनावनं पडंल का?"

हो-ना करता करता विश्वजीत वस्तीपर्यंतचं कबूल झाला. सयाजी वर चढला. शिट्टी जागेवर बसवली, पण आटे गंजलेले. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली, वरून तार आवळली. खाली कंप्रेसरची नळी जोडली. पहिल्यांदा हवा सोडली तर शिट्टीतनं आवाजाऐवजी जोंधळ्याचे दाणे आणि भुसकट उडालं, आणि गाव पोट धरून हसलं. सयाजीही हसला. मग काजळी भरल्या हातांनी त्याने बापाला बखोटीला धरून वर घेतलं. भट्टीचं दार उघडं होतं, आत कुठल्याशा पाखराचं जुनं घरटं. हरिबाचे पाय आपोआप फावड्याच्या जागी जाऊन उभे राहिले, एक पुढे, एक मागे. साखळी कधीच चोरीला गेली होती. सयाजीने तिथे दोरी बांधून दिली.

"आई न्हाई आली?" सयाजीने विचारलं.

"सवतीची पाठवनी करायला मी येत न्हाई, म्हनली. घरीच हाय." हरिबा हे सांगताना खूश होता. घरी असली म्हणजे अंगणात येणारच. शिट्टी ऐकून तरी येईल.

ट्रेलर निघाला. माणसाच्या चालीने, कुरकुरत. मागे नळी ओढत सयाजीचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे गाव. हरिबा डाव्या हाताने कठडा धरून उभा होता. चढ सुरू झाला तसं त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी हललं. नसलेल्या फावड्याला हात शिवशिवले. मान खाली जात होती. ती त्याने जबरदस्तीने वर धरली. आंब्याचं खोड गेलं, पाण्याच्या टाकीचा पडका ओटा गेला, बिरोबाच्या देवळाचा पांढरा चुना झाडीतनं दिसून गेला. ही सगळी वाट त्याला पायाखालून पाठ होती, डोळ्यांनी नव्हती. मधे एकदा मागे ट्रॅक्टर थांबल्यासारखा आणि पुन्हा चालू झाल्यासारखा वाटला, पण त्याने वळून पाहिलं नाही. आज त्याला पुढे बघायचं होतं.

वस्तीपाशी ट्रेलर थांबला. वायरमन बांबू घेऊन तारेखाली गेले. कंप्रेसरचा आवाज वाढला. हरिबाने दोरी ओढली.

आधी एक घोगरा खाकरा झाला. मग गळा मोकळा झाला आणि शिट्टी माळावर पसरली, लांब, आणखी लांब. वाफेची असते तशी ओली नव्हती ती, जरा कोरडी होती, पण काळीचीच होती. शेरडांनी कान टवकारले. कुठल्यातरी म्हाताऱ्याने मागे गर्दीत "आरं देवा" म्हटलं. हरिबाने मान वर केली आणि घराकडे पाहिलं.

दार उघडं होतं. अंगणात बाज होती, दोरीवर सयाजीचा सदरा वाळत होता, एक कोंबडी उकिरडा उकरत होती. कुणी नव्हतं.

त्याने पुन्हा दोरी ओढली. दारातून कुणी बाहेर आलं नाही. म्हणजे असंच होतं तर, त्याला वाटलं. आपण मान वर केली असती तरी हेच दिसलं असतं. त्याच्या हातातून दोरी सुटली. खाली सयाजीने कंप्रेसर बंद केला आणि सगळा माळ एकाएकी गप्प झाला.

"आवं!"

हाक मागून आली.

"आवं, त्या मोकळ्या घराकडं काय बगताय? मागं बगा. हितं हाय मी."

हरिबा वळला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, सयाजीच्या खांद्याला घट्ट धरून रंगुबाई बसली होती. ट्रेलर पुढे गेल्यावर चढाच्या तळाशी येऊन तिने ट्रॅक्टर थांबवला होता. केसांत, भुवयांवर धुरळा, डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे पडलेला, आणि पडेल म्हणून भ्यालेले दोन्ही पाय लहान पोरीसारखे वर घेतलेले.

"तू हितं कशी?"

"जल्मभर घरातनं आयकली शिट्टी," ती ओरडली. "म्हनलं, एकदा तरी तुमच्या संगं जावं."

सयाजी खाली बघत होता. मग त्यानेही तोंड वर केलं. पिठाने पांढरं, काजळीने काळं, डोळ्यांखाली ओघळ पडलेलं ते तोंड हरिबाने इतक्या जवळून कधी निरखलं नव्हतं.

तार वर गेली. वायरमन "चला, चला" म्हणून ओरडायला लागले. विश्वजीत खालून हात करत होता, "आजोबा, उतरा आता, पुढं जायचंय आम्हाला." हरिबाने त्याला हातानेच थांब म्हटलं. आज काळीला कोळसा नको होता, वाफ नको होती, काटा पडायची धास्ती नव्हती. कठड्याला धरून तो मागे वळून उभा राहिला आणि त्या दोघांकडे पोटभर बघत राहिला.